वायपर का थांबतो?

मृगाचा पाऊस सुरू झाला म्हणजे आमच्या बेळगावात दोन दुरुस्त्यांना एकदमच ऊत येतो. एक घराच्या कौलांची आणि दुसरी मोटारगाडीच्या वायपरची. कौले निदान वळवाच्या सरींत दोनचार थेंब गाळून घरधन्याला आगाऊ सूचना देतात. वायपर बिचारा आठ महिने काचेच्या पायथ्याशी निमूट पडून असतो, त्याची कोणी विचारपूस करीत नाही. आणि मग आषाढातल्या एखाद्या दिवशी, गोव्याच्या वाटेवर, चोर्ला घाटाच्या ऐन वळणावर समोरून मालमोटार येत असता तो काचेच्या मध्यावर उभाच्या उभा थांबतो. त्या क्षणी गाडीत बसलेल्या साऱ्यांच्या जिवाचा भार एका हातभर लांबीच्या रबरी पट्टीवर येऊन पडलेला असतो. काच पुसणारा, यंत्रशक्तीने चालणारा कार्यक्षम वायपर गाडीला असलाच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०१ सांगतो. परंतु नियमाने मोटर फिरत नाही. ती विजेने फिरते, आणि ही वीज वाटेत कोठे अडली हे शोधून काढण्याची एक सरळ रीत आहे. ती रीत या महिन्यात वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

ती ठेवण्याचे प्रयोजन थोडे आर्थिकही आहे. वायपर बंद पडला की ‘मोटर गेली’ हे निदान इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की पूर्वी प्रत्येक तापाला हिवताप म्हणत असत त्याची आठवण व्हावी. मोटर हा या साऱ्या रचनेतील सर्वांत महाग भाग. ती खरोखरच गेली असेल तर बदलावयास हवी, याविषयी वाद नाही. तथापि ज्या ठिकाणी एक गंजलेला बोल्ट घासून पुसून बसविला असता काम भागले असते, तेथे नवी मोटर बसविली जाते. जुनी भंगारात जाते. आणि दुखणे मुळात तारेत असल्यामुळे पंधरा दिवसांनी नवी मोटरही पहिलीसारखीच रुसून बसते. मिस्त्रीलाच दोष द्यावा असे नाही. पावसाळ्यात त्याच्या दारात गाड्यांची रांग असते, आणि शोधत बसण्यापेक्षा बदलून मोकळे होणे त्याला परवडते. गाडीच्या धन्याला मात्र ते परवडत नाही.

प्रथम विजेचा मार्ग ध्यानी घेऊ. बॅटरीच्या धन टोकाकडून निघालेली वीज किल्लीच्या स्विचातून फ्यूजकडे येते. फ्यूजमधून स्टिअरिंगखालच्या दांडीच्या स्विचाकडे, आणि तेथून मोटरकडे जाते. मोटरमधून बाहेर पडून ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यात शिरते व त्या सांगाड्यातूनच बॅटरीच्या ऋण टोकाला परत मिळते. हे वर्तुळ पुरे झाले तरच मोटर फिरते. जाण्याची वाट सर्वांच्या लक्षात असते, कारण तेथे रंगीत तारा दिसतात. परतीची वाट, जिला मिस्त्री ‘बॉडी अर्थ’ म्हणतात, ती दिसत नाही. म्हणून तिचा विसर पडतो, आणि जुन्या गाडीतील कितीतरी दुखण्यांचे मूळ नेमके तेथेच असते.

आता मोटरचे अंतरंग. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या वायपरला दोन गती असतात, आणि त्यासाठी मोटरमध्ये दोनाऐवजी तीन कार्बन ब्रश बसविलेले असतात. एक परतीचा, एक मंद गतीचा आणि तिसरा, थोडा बाजूला सरकवून बसविलेला, जलद गतीचा. या तिसऱ्या ब्रशाने वीज दिली असता फिरणाऱ्या वेटोळ्यांचा उलट विरोध कमी पडतो व मोटर अधिक वेगाने धावते. ही बारीकशी गोष्ट घाटात उपयोगी पडते. मंद गतीचा ब्रश झिजला किंवा स्विचातील तेवढाच संपर्क खराब झाला, तर वायपर मेल्यासारखा वाटतो. परंतु दांडी आणखी एक खूण पुढे सरकवली तर जलद गतीवर तो धडधडत चालू लागतो. घरी पोहोचेपर्यंत तेवढे पुष्कळ झाले.

मोटरच्या पोटात आणखी एक युक्ती दडलेली आहे. आपण स्विच बंद करतो तेव्हा पट्ट्या काचेच्या मध्यावर असोत की टोकाला, त्या जागच्या जागी थांबत नाहीत. मुकाट्याने खाली येऊन निजतात. हे कसे घडते? मोटरच्या दंतचक्राबरोबर फिरणारी एक चकती आणि तिला टेकलेले संपर्क मिळून एक लहानसा स्विच झालेला असतो. मुख्य स्विच बंद झाला तरी या धाकट्या स्विचातून वीज येतच राहते, आणि पट्ट्या मुक्कामाला पोहोचल्या की तो आपोआप वीज तोडतो. इतकेच करून तो थांबत नाही. त्याच क्षणी मोटरची दोन टोके एकमेकांस जोडली जातात व फिरत्या मोटरने स्वतःच निर्माण केलेली वीज तिलाच लगाम घालते, त्यामुळे पट्ट्या ठरल्या रेषेवर अचूक थांबतात. ज्याने ही योजना प्रथम केली असेल त्याच्या बुद्धीला मनोमन नमस्कार करावासा वाटतो.

या रचनेचे ज्ञान असले की गाडीचे बॉनेट उघडण्यापूर्वीच, बसल्या जागेवरून, बरेचसे निदान करता येते. स्विच दाबला आणि मोटरचा आवाज येतो आहे, पण पट्ट्या हलत नाहीत, तर वीज निर्दोष आहे. दांड्यांचा सांधा निखळला असेल किंवा पट्टीच्या मुळाशी असलेली नट ढिली झाली असेल. पाना घ्यावा, वायरिंगला हात लावू नये. आवाज मुळीच नाही, पण स्विच दाबताच दिव्यांचा उजेड किंचित उतरतो, तर वीज मोटरपर्यंत पोहोचते आहे आणि मोटर कशाने तरी अडली आहे असे समजावे. आवाजही नाही आणि उजेडही उतरत नाही, तर वीज वाटेतच थांबली. काचेवर पाणी उडविणारा लहान पंप पुष्कळ गाड्यांत वायपरच्याच फ्यूजवर असतो. तो चालत असेल तर फ्यूज शाबूत. मंद आणि जलद गती ठीक, परंतु थांबून थांबून पुसण्याची गती चालत नाही, तर दोष त्या कामासाठी असलेल्या रिलेत किंवा त्याच्या नियंत्रकात, मोटर निर्दोष. बंद करताच पट्ट्या जेथल्या तेथे थांबतात, तर मघाशी सांगितलेल्या धाकट्या स्विचाकडे अथवा त्याला मिळणाऱ्या विजेकडे पाहावे. उलट काही केल्या थांबतच नाहीत, तर तोच स्विच किंवा रिले चिकटून बसला आहे. आणि थांबतात व्यवस्थित, पण चुकीच्या जागी, तर वीज बाजूला ठेवावी. पट्टीचा हात आपल्या दांतेरी आसावर सरकला आहे, एवढेच.

यापुढे मात्र साधन हवे. दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा एक दिवा आणि एक साधा मल्टिमीटर, एवढ्यावर काम होते. प्रथम फ्यूज काढून उजेडात धरावा, आणि तो शाबूत दिसला तरी मीटरने तपासावा, कारण केसाएवढी चीर डोळ्यांना दिसत नाही. चपट्या फ्यूजच्या रंगाला अर्थ असतो : तांबडा १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. नंतर मोटरचा प्लग पाहावा. स्विच मंद गतीवर ठेवून मंद गतीच्या तारेवर वीज येते का ते तपासावे. वीज येते, परतीची वाटही चांगली आहे आणि तरीही मोटर स्तब्ध, तर मग मोटरवर संशय घेण्याचा आपल्याला अधिकार प्राप्त होतो, त्यापूर्वी नाही. वीज येत नसेल तर एकेक पाऊल मागे जावे. स्विचातून बाहेर पडते का, स्विचात शिरते का, फ्यूजच्या पलीकडे आहे का. जेथे ‘आहे’ संपते आणि ‘नाही’ सुरू होते त्या दोहोंच्या मध्ये दोष सापडतो. काही गाड्यांत स्विच परतीच्या बाजूला असतो, त्यामुळे आपल्या गाडीचा वायरिंगचा नकाशा एकदा पाहून घेतलेला बरा.

येथे एक फसगत संभवते, आणि ती नवशिक्याचीच होते असे नाही. प्लग काढून मोकळ्या तारेवर मीटर लावला तर तो बारा व्होल्ट दाखवितो आणि आपण निश्चिंत होतो. पण नळाच्या तोटीला बोट लावून धरले तर चोंदलेल्या नळातही दाब पुरा लागतो. बोट काढले की धार करंगळीएवढी! तारेचेही तसेच. आत गंज चढून दोनच धागे उरलेली तार मोकळी असताना पुरे व्होल्ट दाखविते. मोटरचा भार पडला की गळून जाते. म्हणून मोजणी नेहमी जोडणी कायम ठेवून, स्विच चालू असताना करावी. काचेवर पाणी शिंपडून ठेवावे, नाहीतर कोरडी पट्टी काचेवर ओरखडे काढील.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत घडलेला प्रकार या दृष्टीने बोधप्रद आहे. एका निवृत्त पोस्टमास्तरांच्या गाडीचा वायपर भर पावसात मुंगीच्या पावलांनी चालू लागला. मिस्त्रीने मोटर बदलण्याचा सल्ला देऊन खर्चाचा अंदाजही लिहून दिला. पोस्टमास्तर तो कागद घेऊन, हिशेब तपासून घ्यावा अशा हेतूने, माझ्याकडे आले. त्यांची नात पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकलच्या पदविकेला आहे. तीही मागोमाग आली, हातात मीटर घेऊन.

तिने बॅटरीची दोन टोके मोजली. इंजिन चालू असल्याने सुमारे चौदा व्होल्ट भरले. मग मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे मोटरच्या धातूच्या अंगाला लावून तिने आजोबांना वायपर लावावयास सांगितले. तेथे वास्तविक दोन दशांश व्होल्टच्या आतबाहेर काहीतरी दिसावयास हवे होते. काटा असता तर थरथरला असता. आकडे मात्र शांतपणे दोन व्होल्टच्या वर गेले.

‘आजोबा, मोटर धड आहे हो. बिचारी उपाशी आहे.’

‘उपाशी? अगं, बॅटरी तर गेल्याच दिवाळीत नवी घातली.’

‘बॅटरी पोटभर देते, पण दोन व्होल्टांहून जास्त परतीच्या वाटेतच खर्ची पडतात. तुम्ही उन्हाळ्यात डेंटिंग-पेंटिंग केलं होतं ना?’

केले होते. रंगकाम करताना अर्थच्या तारेचा बोल्ट काढला गेला होता आणि रंग वाळल्यावर तो त्या नव्या, चकचकीत रंगावरच घट्ट बसविण्यात आला होता. रंगाच्या थरातून वीज जाणार कशी? बोल्टच्या आट्यांतून काय थोडीफार वाट मिळत होती, तेवढ्यावर उन्हाळा निघाला. पावसाचे पाणी शिरून तेथेही गंज धरताच मोटरचे प्राण कंठाशी आले. मुलीने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पत्रा उघडा होईपर्यंत घासला, बोल्ट पुन्हा कसून वरून व्हॅसलीन फासले. पुन्हा मोजले तेव्हा एक दशांश व्होल्ट. पट्ट्या तालात चालू लागल्या. पोस्टमास्तरांनी खर्चाच्या अंदाजाचा कागद चौघडी करून खिशात ठेवला. तो फाडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हे.

वायपर मंद होण्याचे दुसरे कारण विजेचे नसून घर्षणाचे असते, आणि ते विजेचे सोंग घेऊन येते. पट्ट्यांचे आस जेथे पत्र्यातून बाहेर येतात तेथील ग्रीस वाळून गंज धरतो. मोटर जोर लावून लावून तापते. अनेक मोटरींच्या आत उष्णतेने वीज तोडणारी एक पट्टी असते, ती सुटते; वायपर थांबतो; पाचदहा मिनिटांनी थंड झाल्यावर आपोआप चालू होतो. असा रुग्ण मिस्त्रीकडे नेला की तेथे हटकून बरा असतो! याची परीक्षा म्हणजे दांड्यांचा सांधा मोटरपासून सोडवून मोटर एकटी चालवून पाहणे. एकटी चपळाईने फिरली तर आसांना तेल-ग्रीस द्यावे. हे करताना हात दांड्यांत असेपर्यंत फ्यूज काढून ठेवलेला असावा, किंबहुना बॅटरीची तारच सोडवावी; अर्धवट फिरून थांबलेली मोटर अचानक वीज मिळताच बोटांचा चुराडा करू शकते. पट्टी हाताने ढकलून फिरविण्याचा प्रयत्नही करू नये. आत मळसूत्री दंतचक्र असते; मोटर पट्टीला फिरविते, पट्टी मोटरला फिरवू शकत नाही. जोर केल्यास दातच तुटतात.

फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर त्यापेक्षा मोठा फ्यूज घालणे हा शुद्ध अविचार होय, आणि चांदीचा कागद गुंडाळणे हा त्याहून मोठा. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. ती तारेला पेलत नाही म्हणूनच फ्यूज बलिदान करतो. त्याला मरू दिले नाही तर तार जळते, आणि तार डॅशबोर्डाच्या आत असते. कारण शोधावे : आस जखडला आहे का, अथवा पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या तारेचे आवरण रबरी गोट निघून गेल्यामुळे घासले आहे का.

विजेच्या वायपरची एवढी निंदा केल्यावर त्याच्या पूर्वजांविषयी दोन शब्द सांगणे न्यायाचे होईल. अमेरिकेतील अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंनी १९०३ साली काच पुसण्याच्या साधनाचे पेटंट मिळविले. ते आतून हाताने दांडी ओढून चालवावयाचे होते. न्यूयॉर्कच्या ट्रामचा चालक हिमवर्षावात काच उघडून गारठत गाडी हाकतो हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. त्यातून त्यांना द्रव्यलाभ मात्र झाला नाही. पुढे इंजिनाच्या शोषणशक्तीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, चालणारे वायपर आले. त्यांची तऱ्हा अशी की चढावर इंजिनाला जोर द्यावा तर व्हॅक्यूम कमी होई आणि वायपर मलूल पडे. उतारावर पाय सैल सोडला की तो पिसाटासारखा नाचू लागे. घाटातील चढणीला, जेथे त्याची सर्वांत गरज, तेथेच तो हात टेकी. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२६ साली विजेवरचा वायपर बाजारात आणला. थांबून थांबून पुसणाऱ्या वायपरचे पेटंट रॉबर्ट कर्न्स यांना १९६७ साली मिळाले, आणि त्या हक्कासाठी त्यांना मोठ्या मोटार कंपन्यांशी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. त्यांची कथा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अलीकडच्या गाड्यांत हा सारा सरळ मार्ग थोडा वळणाचा झाला आहे. तेथे दांडीचा स्विच मोटरला वीज पाठवीत नाही, तर एका नियंत्रक पेटीला केवळ निरोप पाठवितो. पाऊस ओळखणारा संवेदक असेल तर तोही त्याच पेटीशी बोलतो. अशा गाडीत जेथे तेथे दिव्याची टोके खुपसणे धोक्याचे आहे; निरोपाच्या नाजूक तारांना तो भार सोसत नाही. फ्यूज, मोटरच्या प्लगवरची वीज आणि परतीची वाट, एवढे मीटरने जरूर पाहावे. पुढचे काम संगणकावर दोष वाचणाऱ्याकडे सोपवावे. तेथेही ‘अर्थ मोजून पाहिला का?’ हा प्रश्न विचारावयास हरकत नाही. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून पुष्कळ समजते.

ऐन घाटात प्रसंग ओढवला तर काय? वेग उतरवावा, चारी इंडिकेटर लावावे आणि वळण टाळून, रुंद जागा पाहून गाडी कडेला घ्यावी. खिडकीतून मान बाहेर काढून गाडी हाकण्याचे शौर्य करू नये. जलद गती लावून पाहावी. फ्यूज गेला असेल तर त्याच अँपिअरचा, रेडिओचा किंवा सिगारेट-लायटरचा फ्यूज काढून येथे बसवावा. गाणी घरी जाऊन ऐकता येतील. पट्ट्या मध्येच थांबण्याचा दोष असेल तर त्या खाली येताक्षणी स्विच बंद करण्याची हातोटी साधते. यापैकी काहीच लागू पडले नाही तर सर ओसरेपर्यंत थांबावे. आंबोलीच्या बाजूला सर ओसरण्याची वाट पाहणे म्हणजे काय हे तिकडून जाणाऱ्यांस सांगावयास नको, तरी थांबावे.

मागच्या काचेला वायपर असलेल्या गाड्या आता घरोघरी आहेत, म्हणून त्याविषयी एक सूचना. तो बंद पडला तर प्रथम मागच्या दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी पाहावी. दार उघडता-मिटता तिच्यातील तारा रोज वाकतात व अखेर आतल्या आत तुटतात. दार अर्धे उचलून धरले असता वायपर मध्येच जिवंत होत असेल तर शंकाच उरत नाही. पुढच्या वायपरसाठी मात्र मे महिन्याच्या अखेरीस काचेखालची जाळी एकदा साफ करावी. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर तेथे पाकळ्यांचा आणि बारीक पानांचा चिखल साठून पाणी जाण्याची भोके बुजतात, आणि पुष्कळ गाड्यांत मोटर त्याच पन्हळीत बसविलेली असते. एक जुना दात घासण्याचा ब्रश आणि तांब्याभर पाणी एवढ्यावर हे काम होते. पाणी खाली चाकाजवळ गळताना दिसले की भोके मोकळी झाली असे समजावे.